दीड वाजलेल्या कचेरीवरील स्वारी

ही हकीकत कोणी हसण्यावारी नेऊ नये. तख्ते फुटली, राज्ये बुडाली, त्यांच्या कथा लिहिणारे बहुत जाहले. परंतु तिसऱ्या मजल्यावर नळ कैसा आला, हे लिहून ठेवणारा कोणी निघाला नाही, सबब आम्ही लेखणी उचलली. मजकुरात पदरचे काही घातलेले नाही. ज्यास खोटे वाटेल त्याने कोणत्याही कचेरीत एक साधा अर्ज करून पाहावा, म्हणजे खातरजमा होईल.

तर कमानीकेसरी, चक्रविद्याधुरंधर घड्याळजी हे बाजारातील बोळात दुकान मांडून होते. वय साठ, उजव्या डोळ्यास भिंग, स्वभाव गरीब. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आणि नळ तळमजल्यावर, ऐशी त्या इमारतीची रचना. त्यांच्या कुटुंबाने तीस वर्षे रोज बारा बादल्या वर चढवल्या, आणि मग गुडघ्यांनी बंड केले. एके सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या भरल्या बादलीशेजारी बसल्या त्या उठेनात. घड्याळजी धावत गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आता माझ्याच्यानं नाही होत." तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. घड्याळजींचे काळीज चरकले, आणि वर नळ आणीन तेव्हाच स्वस्थ बसेन, ऐसा पण करून त्यांनी उरलेल्या बादल्या स्वतः वाहिल्या, आणि मग धापा टाकीत अर्ज लिहिला.

पाणीपुरवठ्याची कचेरी म्हणजे बेलाग किल्ला. दरवाजावर मोठ्या अक्षरांत पाटी, की येथे लाच घेतली जात नाही. आणि ते खरेच होते, कारण पैशाला तेथे कोणी शिवत नसे. ज्याचा जो धंदा, तोच त्याचा नजराणा, ऐसा तेथील रिवाज. शिंप्याने पडदे शिवून द्यावे, न्हाव्याने साहेबांची हजामत करावी, रंगाऱ्याने कारकुनांच्या सासऱ्याची गच्ची रंगवावी, आणि मग त्यांचे कागद मागल्या दाराने हलावे. बाकी रयतेसाठी भिंतीवर एक घड्याळ होते. ते अकरा वर्षांपूर्वी दीड वाजता बंद पडले ते पडलेच. कोणी सकाळी येवो की सायंकाळी, खिडकीचे अधिपती कारकून बोट वर करून घड्याळ दाखवीत, जेवणाची सुट्टी ऐसे फर्मावीत आणि खिडकी लावून घेत.

घड्याळजींनी पहिली स्वारी केली, तेव्हा कारकुनांनी आपले मनगटी घड्याळ हळूच पुढे सरकवले. दुसऱ्या स्वारीस त्यांच्या मेहुणीचे आले, तिसऱ्या स्वारीस बड्या साहेबांकडील तीन आणि शिपायाचे गजराचे आले, आणि मग साहेबांच्या व्याह्यांचे खिशातले आले. महिनाभरात सतरा घड्याळे दुरुस्त जाहली आणि अर्ज तुंबलेल्या फायलींच्या ढिगाखाली होता तेथेच राहिला. इकडे घड्याळजी रोज बारा बादल्या वाहत होते, आणि त्यांचेही गुडघे कुरकुरू लागले होते.

मग त्यांच्या हातून ती ऐतिहासिक चूक घडली. एके दिवशी सारा दरबार खरोखरीच जेवावयास गेला असता ते बाकावर बसले होते आणि डोक्यावर ते मेलेले घड्याळ. घड्याळजीच्या जातीला हे पाहवत नाही. त्यांनी विचार केला की, एवीतेवी सतरा केली, अठरावे करून द्यावे, म्हणजे मंडळी खूश होऊन अर्ज वर काढतील. मग ते फायलींच्या ढिगावर चढले, घड्याळ उतरवले, धूळ झटकली, तेल घातले, वेळ लावली आणि टांगून खाली उतरले. घड्याळ टिकटिकू लागले, आणि रांगेतील चाळीस माणसांनी एकदम माना वर केल्या.

कारकून तीन वाजून गेल्यावर दात कोरीत परतले आणि सवयीने बोट वर केले. ते बोट तेथेच राहिले. रांगेतल्या एक पाळणाघर चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, सव्वातीन झालेत. खिडकी उघडा." खिडकी उघडली, आणि मग जो प्रलय जाहला तो सांगता पुरवत नाही. चार दिवस कचेरी चालली. शिक्के मारून मारून मनगटे सुजली, शाई संपली, दोघे आजारपणाची रजा टाकून पळाले, आणि बड्या साहेबांस स्वतःच्या खुर्चीवर सायंकाळपर्यंत बसावे लागले. घड्याळजींचा अर्ज मात्र रागाने आणखी खाली दडपण्यात आला.

पाचव्या दिवशी कारकून स्वतः दुकानी हजर. चेहरा उतरलेला, आवाज नरम. म्हणाले, "काका, ते घड्याळ बंद करा. तुमचं काय असेल ते सांगा."

अर्ज घेऊन आलेल्यास जे म्हणावे लागते, ते कारकुनांच्या तोंडून ऐकून घड्याळजींस क्षणभर गुदगुल्या जाहल्या. पण लगेच ती चाळीस माणसांची रांग डोळ्यांपुढे आली आणि स्वतःची लाज वाटली; आणि मग वळणावर बसलेले कुटुंब आठवले आणि लाजेचे काय करावे ते कळेना. त्यांनी भिंग काढले, पुसले, पुन्हा लावले आणि इतकेच म्हणाले, "आधी नळ, मग घड्याळ."

तह जाहला. घड्याळ कायमचे बंद करावे, हे एकच कलम; काटे कोठे ठेवून बंद करावे, हे घाईत लिहावयाचे राहून गेले. तिसऱ्या दिवशी नळ बसला आणि पाणी आले. चौथ्या दिवशी घड्याळजी स्वतःची शिडी घेऊन कचेरीत शिरले, वर चढले, काटे फिरवून घट्ट आवळले, आतील कमान काढून खिशात घातली आणि शिडीसह निघून गेले. रांगेने हाय खाल्ली. मग कोणी वर पाहिले. साडेदहा वाजले होते. कचेरी उघडण्याची वेळ.

तेव्हापासून त्या कचेरीत जेवणाची सुट्टी होत नाही आणि घरी जाण्याची वेळही होत नाही. कारकून बोट वर करतात आणि रांग म्हणते, होय, आत्ताच उघडली. काटे तत्काळ हलवावे, ऐसे बड्या साहेबांचे फर्मान सुटले. परंतु चढावयाचा फायलींचा ढीग आता ओसरलेला, शिडी कोठारात, आणि कोठारप्रमुख रिवाजास पक्के. त्यांनी विचारले की, शिडी देतो, पण तुमच्यापैकी कोणास कोणते काम येते? साऱ्या दरबाराने एकमेकांची तोंडे पाहिली. उत्तर अद्याप गेलेले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रूकडून हाती आले ते: नळ एक, पाणी सकाळी दोन घटका. आपल्या बाजूस जखमी: कुटुंबाचे गुडघे दोन. ते आता पहिल्यासारखे होणार नाहीत, ऐसे डॉक्टरांनी सांगितले. पहिल्या दिवशी पाणी आले तेव्हा कुटुंबाने नळाखाली हात धरला आणि भांडे भरून वाहू लागले तरी बंद करू दिले नाही. घड्याळजी शेजारी उभे राहिले. हा नळ तीस वर्षांपूर्वी यावयास हवा होता, हे दोघांसही ठाऊक होते.