पेरू, पण बारा शब्दांत

एका जंगलात सगळ्यांची गुपितं एक पोपट सांभाळायचा. हो बाळांनो, पोपटच. हसू नका, मोठ्यांच्या राज्यात असंच असतं.

वणवा लागला तर पिलं चटकन सापडावीत, म्हणून प्रत्येक आईने आपलं बीळ त्याला कळवायचं, असा नियम होता. वाटेत कुणी ऐकू नये म्हणून घुबडगुरुजींनी सांकेतिक बोली रचली होती. ती उलगडता उलगडता कोल्ह्याच्या मिशा पिकल्या. भुरी ससीण निर्धास्त झोपायची.

पोपट मात्र आलेला निरोप उलगडून डोक्यात मोकळाच ठेवायचा.

तो जागा आहे ना, हे बघायची एक रीत होती. येणाजाणाऱ्याने म्हणायचं, "पोपटराव, 'पेरू' म्हणा. एक शब्द."

"पेरू!"

एके दिवशी कोल्हा म्हणाला, "पोपटराव, 'पेरू' म्हणा. बारा शब्द."

पोपट शब्दाचा पक्का. पेरू संपला, तशी त्याने डोक्यातली ताजी गुपितं ओतली. "पेरू. भुरीची पिलं करवंदीच्या जाळीखाली, डाव्या बिळात. हत्तीदादा उंदराला घाबरतात. हुश्श, झाले!"

नशीब, भुरी जवळच चरत होती. पिलं तोंडात धरून ती जी पळाली, ती थेट सिंहमहाराजांच्या दरबारात.

"माझी बोली अभेद्य आहे," गुरुजी म्हणाले. "फुटला तो पोपट."

"बरं झालं गुरुजी, कळलं. नाहीतर कोल्ह्याने बोलीच खाल्ली असती!" भुरी म्हणाली. "महाराज, साळुंकीला नेमा. तिची बोलीच मोजणीची. शब्द मोजून घेते, मोजून देते; जादा शब्दाला चोचच उघडत नाही."

"ती?" हत्ती फुरफुरला. "काल निरोप द्यायला गेलो. म्हणे, तीन शब्द म्हणालात, चार झाले, पुन्हा या! मी काय बालवाडीत आहे?"

"पोपट चपळ आहे, गोडही बोलतो," सिंह म्हणाला. "आज सकाळीच आम्ही आमचं गुपित त्याला दिलं. त्याच्या ढोलीला मोठं दार बसवा, म्हणजे झालं. आणि भुरी, नवं बीळ कळव त्याला."

भुरीने पिलं पोटाशी ओढली. ती हळूच दरबारात बसलेल्या पोपटाकडे वळली.

"पोपटराव, 'पेरू' म्हणा. पंधरा शब्द."

"पेरू. सिंहमहाराजांचे सुळे बाभळीच्या काट्यांचे आहेत. डरकाळी मागे बसलेलं अस्वल फोडतं. महाराज नुसतं तोंड उघडतात."

मागच्या झुडपात अस्वलालाच आधी हसू आवरेना. मग माकडं फांद्यांवरून पडेपर्यंत हसली.

दुपारच्या आत साळुंकी नेमली गेली. महाराज म्हणाले, ही कल्पना आमचीच.

भुरीने नवं बीळ साळुंकीला मोजून तीन शब्दांत सांगितलं आणि पिलांना कुशीत घेऊन ती गाढ झोपली.

तात्पर्य: जंगलाचं भलं व्हावं असं वाटत असेल, तर आपलं दुःख राजाला सांगत बसू नये. राजाचं गुपित आपल्या गुपिताशेजारी ठेवलं जाईल, एवढं बघावं.