पहिल्या प्रकरणातलं मयत

मिस लुएला रेंफ्रोंच्या कादंबऱ्या न्यूयॉर्कवाले डोक्यावर घेऊन नाचत, पण त्यांच्या स्वतःच्या गावात, पाइनी फोर्कमध्ये, त्या उघडायला कुणी धजत नसे. बाईंची शैलीच तशी. प्रत्येक कादंबरी मयताच्या जेवणापासून सुरू. कुणी काय रांधून आणलं, कुणाच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, सगळं बारीकसारीक. नाव बदललेलं, पण मेलेला माणूस गावातलाच. आणि पुस्तक छापून आलं की वर्षाच्या आत तो खरोखरच खपायचा. पोस्टमास्तर गेला, तेव्हा टेबलावरची जेलीसुद्धा पुस्तकातल्यासारखीच हिरवी होती.

आता नव्या कादंबरीत न्हावी मरणार, अशी बातमी फुटली. गावात न्हावी एकच, ऑर्विल टिडवेल. शेजारणी पडल्या कनवाळू! दुसऱ्याच दिवशी त्यातली एक भट्टीत भाजलेलं कोंबडीचं कॅसरोल घेऊन हजर, भांडं परत मिळावं म्हणून बुडाला स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवून.

"अगं, पण मी जिवंत आहे," ऑर्विल म्हणाला.

"असू दे रे. नंतर सगळ्यांची एकच गर्दी होते."

 पण ऑर्विल गडी बोलण्यात तरबेज. "बाईंना कसा गुंडाळतो बघ," असं बायकोला, ऑपलला, सांगून तो तडक मिस लुएलांच्या व्हरांड्यात.

"मिस लुएला, माझ्याऐवजी दुसरं कुणी घ्या की."

"मयत तर हवंच. कुणाचं घेऊ, तूच सांग."

वारा अजिबात नव्हता, तरी बाईंच्या शेजारची रिकामी खुर्ची सावकाश झुलत होती. ऑर्विल एक पाऊल मागे सरला. जित्या माणसाचं नाव घ्यायचं म्हणजे खूनच की. मग त्याला नामी युक्ती सुचली.

"हॉइट घ्या. आमच्या ऑपलचा पहिला नवरा. गेलाय बिचारा. शवपेटीत ठेवण्याआधी त्याची दाढी मीच केली. त्याचं आता काय बिघडतंय?"

बाईंनी नाव वहीत टिपलं. "बरं. पण मरायचं तर माणूस आधी जिवंत लागतो, ऑर्विल."

लेखकांचं बोलणं असंच, असं समजून ऑर्विल शीळ घालत घरी गेला आणि त्याने कॅसरोल चाटूनपुसून खाल्लं.

वसंतात कादंबरी छापून आली. त्याच आठवड्यात, भर दुपारी, दुकानाची घंटा वाजली. ओल्या मातीचा वास आला. हॉइट येऊन खुर्चीत बसला. अंगात पुरतानाचाच निळा कोट, घालायला सोपा जावा म्हणून पाठीवर उभा कापलेला.

"दाढी कर. मागच्या वेळी डाव्या कानाखाली तशीच राहिली."

गरम फेस त्याच्या गालाला लागताच गार पडत होता. ऑर्विलने वस्तरा डाव्या कानाखालून सावकाश फिरवला.

"कि... किती दिवस मुक्काम?"

"पानगळ होईपर्यंत. तसंच लिहिलंय म्हणे." हॉइटने आरशात हनुवटी फिरवून बघितली आणि तो उठला. "चल, घरी जातो. ऑपल वाट बघत असेल. तू कुठे राहतोस रे हल्ली?"