चालण्याचे कारण : निरंक

माणूस कामासाठी चालला तर ती रहदारी होते आणि बिनकामाचा चालला तर ती संस्कृती होते. रहदारीला रस्ता लागतो, संस्कृतीला परिपत्रक पुरतं. म्हणून काटकसरीच्या कोणत्याही शासनानं आपली जास्तीत जास्त माणसं बिनकामाची कशी चालतील हे पाहिलं पाहिजे. भंडारा जिल्ह्यात हे कार्य एकोणीसशे एक्याऐंशी साली सिद्धीस गेलं. त्यात वरिष्ठ लिपिक या नात्यानं माझाही वाटा होता, हे मी नम्रपणे नमूद करतो.

त्याचं झालं असं, की आमच्याकडे 'पदभ्रमण प्रोत्साहन कक्ष' नावाचा एक कक्ष उघडला होता आणि तो कशासाठी उघडला हे दोन वर्षं कोणालाच आठवत नव्हतं. (कक्षात टेबलं दोन, कपाट एक, खुर्च्या चार व साहेब.) साहेब मुंबईहून बदलून आलेले. परदेशात माणसं पाठीवर पिशव्या बांधून महिना-महिना डोंगरातून चालतात, असे रंगीत फोटो त्यांनी एका मासिकात पाहिले होते. आमच्याकडे डोंगर बेताचे, पण तलाव, धानाच्या बांध्या (म्हणजे भातखाचरं) आणि चिखल यांचा पुरवठा मुबलक. साहेब जिद्दीचे होते. सिहोऱ्याहून निघाले, करडीवरून, धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या कडेकडेनं, आणि तलावांच्या पाळींवरून थेट आसगावपर्यंत एकशे अठरा किलोमीटर स्वतः पायी हिंडले. वाटेत जो भेटेल त्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कुठं चाललात?"

आता आमच्या भागात निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारत नाहीत. विचारलं की काम बिघडतं. शहाणा माणूस फार तर 'निघालात का' एवढंच म्हणतो. तरी कोणी 'कुठं' विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : "कोठी नाही जी, असाच." मग तो कोर्टात चाललेला असो, सोयरीक पाहायला चाललेला असो की मयतीला. आणि तोंडून खरं कारण निघूनच गेलं, तर घरी परतायचं, खाली बसायचं, गडूभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं.

साहेबांनी तीनशे अठरा माणसांना विचारलं. डोक्यावर मोळी असलेली बाई म्हणाली, असीच. खांद्यावर नांगर घेतलेला माणूस म्हणाला, असाच. सुटलेल्या गोऱ्ह्यामागे धावणारा एक जण धावता धावताच म्हणाला, असाच. तीनशे अकरा जणांनी हेच उत्तर दिलं. (उरलेल्या सातांपैकी तिघे परगावचे, तिघांना ऐकू कमी येत होतं आणि एक मंगलाबाई. या करडीहून रोज पायी आमटोल्याच्या शाळेत शिकवायला जात. त्यांनी 'शाळेत' असं सांगितलं आणि घड्याळ पाहिलं.) साहेबांचे डोळे भरून आले. अहवालात त्यांनी लिहिलं, 'या जिल्ह्यातील ९७.८ टक्के जनता निव्वळ चालण्याच्या आनंदासाठी चालते. हे प्रमाण स्वित्झर्लंडपेक्षाही जास्त असावे.'

मी स्वतः आसगावचा. ही रीत मला लहानपणापासून माहीत. पण साहेबांनी मला विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगणं आमच्या नोकरीत आगाऊपणात मोडतं. मी अहवाल सुवाच्य अक्षरात टंकनाला पाठवला.

अशा रीतीनं 'भंडारा दीर्घ पदभ्रमण मार्ग' जाहीर झाला. नियमावली माझ्याच हातची आहे. कलम एक : पदभ्रमी म्हणजे जो इसम निरुद्देश चालतो तो. कलम दोन : सकारण चालणाऱ्या इसमाने पदभ्रमी दिसताच धुऱ्यावरून बांधीत उतरावे. कलम तीन : मार्गाचा खडतरपणा कायम राखण्यात येईल. मार्गावर बैलबंडी, सायकल आणि घुंगरं यांना मनाई होती. धानाच्या बंड्या सहा किलोमीटरचा वळसा घालून जाऊ लागल्या. बैलांनी याविरुद्ध तक्रार केल्याची नोंद नाही.

पदभ्रमींची दिनचर्या मोठी आदर्श असे. साडेपाचला शिट्टी. सहाला काळा चहा. (दूध गावात मिळे, पण काळ्या चहानं मन कणखर होतं.) साडेसहा ते सात सूर्योदय पाहणे, सूर्य आधीच उगवला असल्यास उगवलेला पाहणे. मग अकरापर्यंत चाल. अकरा ते अकरा-दहा ग्रामीण जीवनाशी समरस होणे. दुपारी स्वावलंबन, म्हणजे स्वतःचा भात स्वतः शिजवणे. तांदूळ, सरपण, पाणी, गंज म्हणजे पातेलं आणि शिजवणारी बाई एवढ्या वस्तू गावाकडून मिळत. बाकी सगळं पदभ्रमी स्वतः करत. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसून तळपायाचे फोड मोजायचे आणि ज्याला जास्त त्यानं अनुभवकथन करायचं. मुक्कामाला आलेल्या एका गृहस्थांनी आमटोल्याच्या म्हाताऱ्या तुलारामला विचारलं, की तुम्हाला कधी फोड येत नाहीत का? तुलाराम म्हणाला, येत होते, लहानपणी.

या मार्गावरचा सगळ्यात लोकप्रिय भाग म्हणजे आमटोला आणि करडी यांच्यामधला नाला. उन्हाळ्यात कोरडा, पावसाळ्यात छातीपर्यंत आणि ऑक्टोबरात, म्हणजे हंगाम उघडतो तेव्हा, अगदी माफक, कमरेइतका. पदभ्रमी तो एकमेकांचे हात धरून ओलांडत आणि पलीकडे गेल्यावर एकमेकांना मिठ्या मारत. माहितीपत्रकात त्याला 'टप्पा सातचा मुकुटमणी' म्हटलं आहे. (शब्द माझेच.)

अडचण एवढीच होती, की आमटोल्याची माणसं या मुकुटमण्यावर रपटा मागत होती. रपटा म्हणजे नाल्यात नळ्या टाकून वरून सिमेंट ओतलेला बुटका पूल. त्यांचा अर्ज अठ्ठ्याहत्तर सालचा, म्हणजे मार्गाच्याही आधीचा. अर्जावर पहिला अंगठा रत्नाबाईचा.

रत्नाबाईविषयी इथे चार ओळी लिहिणं भाग आहे. सत्त्याहत्तरच्या भादव्यात तिच्या थोरल्या सुनेला बाजेवर घालून करडीच्या दवाखान्यात नेत होते. नाल्याच्या अलीकडे कोणीतरी विचारलं, कोठी नेता? थोरला मुलगा घाबरलेला, बोलून गेला, दवाखान्यात. नाल्याला पूर आला होता. चार तास काठावर बसले. सून गेली आणि तिच्या पोटातलंही गेलं. तेव्हापासून रत्नाबाईचा दोनच गोष्टींवर राग होता : त्या पाण्यावर आणि मुलाच्या तोंडून निघालेल्या त्या शब्दावर. पाण्यासाठी तिनं अर्जावर अंगठा दिला. शब्दासाठी अर्ज कुठं करायचा हे तिला कोणी सांगितलं नाही.

पाच वर्षांनी रपटा मंजुरीच्या काठाशी आला. लगेच पदभ्रमींनी हरकत घेतली. चारशे बारा सह्यांचं निवेदन आलं, 'निसर्गाचा नाला निसर्गाकडेच राहू द्या.' शिवाय साहेबांचा अहवाल होताच. इथली माणसं मौजेखातर नाला ओलांडतात हे आकडेवारीनिशी सिद्ध झालं होतं, मग त्यांच्या मौजेत सिमेंट कशाला ओतायचं? अखेर मध्यम मार्ग निघाला. तीन दिवस नाल्यावर गणना करायची. किमान शंभर इसमांनी सकारण नाला ओलांडला तर रपटा, नाही तर निसर्ग. कारण इसमाने स्वमुखे सांगितलेलेच ग्राह्य. समूह असल्यास प्रमुखाचे उत्तर समूहास लागू.

गणक म्हणून मला पाठवलं. त्र्याऐंशीचा ऑक्टोबर, हस्ताचा पाऊस नुकताच पडून गेलेला. करडीकडच्या काठावर मी टेबल मांडलं. पहिल्या दिवशी एकशे एकतीस माणसं नाला ओलांडून आली आणि मी प्रत्येकाला नियमानुसार विचारलं, कुठं चाललात. एकशे वीस म्हणाले, असाच.

संध्याकाळी आमटोल्याचे सरपंच भय्याजी यांनी आकडा पाहिला आणि कपाळ धरलं. त्यांनी गाव चावडीपुढे बसवलं आणि एकेकाकडून घोकून घेतलं. बाजार म्हणा. दळण म्हणा. लेकीकडे म्हणा. कायले लाजता, सरकारच विचारून राहिलं ना? माणसं मान हलवत होती आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. बिनकारणाची खोटी उत्तरं त्यांना पाठ होती; खरं उत्तर मात्र जिभेवर येईना.

दुसऱ्या दिवशी प्रगती झाली. माणसं टेबलापुढे येत, डोळे मिटत आणि कारण सांगून टाकत. मग रिवाजाप्रमाणे नाला ओलांडून परत घरी जात, बसत, पाणी पीत आणि पुन्हा निघत. दुसऱ्या खेपेला मी विचारलं की म्हणत, कोठी नाही जी, असाच. त्यामुळे एकाच माणसाची एक नोंद सकारण आणि एक निरुद्देश अशी होऊ लागली. हे खातं आमच्या कार्यालयात अजूनही निकालात निघालेलं नाही. तरी त्या दिवशी एकेचाळीस सकारण मिळाले. मंगलाबाईंनी सकाळी जाताना 'शाळेत' आणि दुपारी परतताना 'घरी' असं दोन्ही दिवस ठणकावून सांगितलं. त्यांचं तेवढं पाहून मला वाटायचं, गावात अशा दहा मंगलाबाई असत्या तर रपट्याची चिंता नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत एकूण बेरीज सत्त्याण्णव झाली. भय्याजी माझ्या टेबलाशेजारीच उभे होते. मुदत पाचपर्यंत होती, पण बाजारची माणसं येऊन गेली होती आणि आता सकारण कोणी येण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून बाज आली. रत्नाबाईची धाकटी सून बेबी तिच्यावर होती. बाजेचे चार कोपरे तिचा नवरा इश्वर, शेजारचा म्हातारा तुलाराम आणि आणखी दोघांच्या खांद्यांवर. पुढे पाण्याचा अंदाज घेत रत्नाबाई. चालणारे पाच. (बाजेवरील इसम चालत नसल्यानं तिची नोंद करावी किंवा कसे, याबाबत नियम मौन बाळगतात.) सत्त्याण्णव आणि पाच एकशे दोन. भय्याजींनी मनातल्या मनात बेरीज केली, ती मला त्यांच्या ओठांवर दिसली.

रत्नाबाई काठावर चढली. मी तिला प्रश्न विचारला. विचारताना आवाज शक्य तितका खाली आणला, हे मला नमूद करू द्या.

तिनं मागे वळून बाज काठावर आली का ते पाहिलं. भय्याजी तिच्याजवळ गेले. "माय, एक शबद सांग. दवाखाना म्हण. रपटा होऊन जाते."

"अन् मंग?" रत्नाबाई म्हणाली. "सांगतलं त वापस न्या लागते. घरी बसवा लागते, पानी पाजा लागते. इले तेवढा टाइम आहे का जी?"

बाजेवरून बेबीचं कण्हणं ऐकू येत होतं. म्हातारीनं एकदा नाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश सांगितलं, "कोठी नाही बाप्पा. असेच चाल्लो."

मी लिहिलं, इसम पाच, कारण निरंक.

मला सगळं दिसत होतं. मी आसगावचा आहे. दवाखाना हा शब्द लिहायला पाच सेकंद लागले नसते आणि माझं अक्षर चांगलं आहे. पण कारण स्वमुखे सांगितलेलं नव्हतं. मला त्या वेळी शरम वाटली. अजूनही वाटते. परिपत्रकात शरमेसाठी रकाना नव्हता, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

बेबीला दवाखान्याच्या पायरीवरच मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्यामुळे रत्नाबाईचं म्हणणं खरं ठरलं, आणि रपटा नामंजूर झाला. गावात तिला कोणी बोललं नाही. भय्याजींनी त्याच आठवड्यात नवा अर्ज केला. तो विचाराधीन आहे.

राहता राहिले आपण. वाचकहो, ही हकिकत आपण आतापर्यंत साहेबांवर, माझ्यावर आणि आमटोल्याच्या माणसांवर मनसोक्त हसत वाचलीत, हे योग्यच झालं. फक्त त्या दुपारी दोन वाजता नाल्याच्या काठावर पुण्याहून आलेली बावीस जणांची एक तुकडी होती. आपण त्यात होतात. निवेदनावर आपली सही दोनशे बारावी आहे, अक्षर सुरेख आहे. नाल्यात कमरेभर पाण्यात उभे राहून, हात वर करून हसतानाचा आपला जो फोटो आपल्या दिवाणखान्यात लावलेला आहे, तो त्याच दुपारचा. त्यात उजव्या कडेला एका लुगड्याचा काठ आणि बाजेचा एक पाय आलेला आहे. सगळी बाज फोटोत येत होती, म्हणून आपण त्यांना पाण्यातच जरा थांबून बाजूला सरकायला सांगितलंत. ते सरकले. फोटो छान आलाय.