रविवारचा मोजा

विणकाम ही बायकांनी उगाच अवघड करून ठेवलेली गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं. होतं! मी पेशानं नकाशे काढणारा. अख्खा पूल कागदावर उभा करतो, तिथे एका मोज्याची काय कथा?

"तुम्ही सुयांना हात लावू नका," बायको म्हणाली. "बाबांचे मोजे मी विणते."

नेमकं तेच मला नको होतं. बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, नुसत्या नजरेनं माप घेणारा. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही पराक्रमावर त्यांनी "हं" यापलीकडे अवाक्षर काढलेलं नाही. थंडीत त्यांचे पाय गारठतात आणि यंदा हिवाळाभर ते आमच्याकडे राहणार होते. मी ठरवलं, जाडजूड, उबदार मोज्यांचा जोड स्वतःच्या हातांनी विणायचा आणि कौतुकाचा एक तरी शब्द वसूल करायचाच!

आधी मी मोज्याचा नकाशा काढला. समोरून, बाजूनं, टाचेचा तपशील वेगळा. घेर: अठ्ठेचाळीस टाके.

"आणि हात सैल की घट्ट, ते कुठे लिहिलंय?" बायकोनं विचारलं.

"तसलं काही नसतं गं! आकडा तोच, तर माप तेच!"

पहिला मोजा मी लागोपाठ दोन रविवारी आरामखुर्चीत पाय पसरून विणला. मन मोकळं, अंग सैल, सुया आपल्या डुलत डुलत चाललेल्या. मोजा पुरा झाल्यावर बायकोनं तो उघडून आत डोकावून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. मी ती दाद समजलो.

एवढ्यात बाबांचा फोन आला. ते शुक्रवारीच येणार होते! दुसऱ्या मोज्याचा अजून पत्ता नव्हता. सोमवारी मी लोकर कचेरीत नेली आणि साहेबांची मीटिंग चालू असताना टेबलाखाली विणायला बसलो.

"पुलाचे नकाशे किती दिवसांत होतील?" साहेब कुणाला तरी विचारत होते. तो कुणीतरी मीच होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस!" मी टाके मोजत म्हणालो.

"अठ्ठेचाळीस दिवस?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

मी सुया झटकन मांडीखाली सारल्या. "नाही साहेब! चार! चारच दिवस!"

"शाबास! गुरुवारी टेबलावर हवेत."

महिन्याभराचं काम! पुढचे चार दिवस मी पूल काढत होतो आणि जेवणाच्या सुट्टीत दातओठ खात मोजा विणत होतो. टाके असे आवळले जात होते की सुई आत शिरायला तयार नव्हती. गुरुवारी पूल झाला, मोजाही झाला.

शुक्रवारी सकाळी मी दोन्ही मोजे पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. एक उशीचा अभ्रा होता! दुसऱ्यात माझा अंगठा आत गेला आणि तिथेच अडकला. मी दोन्हींचे टाके मोजले. अठ्ठेचाळीस आणि अठ्ठेचाळीस! बायको हसून हसून भिंतीला टेकली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

बाबांनी चहा घेण्याआधीच मोजे हातात घेतले, उलटे केले, टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हा मोठा सुट्टीच्या दिवशी विणलाय. हा छोटा कचेरीत."

"कसं ओळखलंत?"

"हात लपत नाही, जावईबापू. ह्या छोट्यात तुमचे साहेब बसलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उसवून टाकतो, बाबा."

"थांबा." त्यांनी मोठ्या मोज्यात उजवा पाय घातला. मग त्याच मोज्यात डावाही घातला! डोळे मिटले. "हंऽऽ... ऊब आहे!"

अकरा वर्षांनी "हं"पुढे शब्द आला होता! मी नाचायचाच बाकी राहिलो.

पण दोन्ही पाय एका मोज्यात असलेला माणूस चालणार कसा? "जावईबापू, चष्मा!" "जावईबापू, वर्तमानपत्र!" "जावईबापू, ती खिडकी लावा जरा!" मी दिवसभर घरात पळत होतो. मोजा जरा वेळ काढून ठेवा म्हटलं, तर म्हणे पाय गार पडतात. बायकोनं नवा नीट जोड विणून देते म्हटलं, तर तेही साफ नको म्हणाले.

परवा ते आपल्या मुलाशी, म्हणजे माझ्या मेव्हण्याशी, फोनवर बोलत होते. मी दाराबाहेर थबकलो.

"जावई ना? अरे, लाखात एक माणूस आहे!"

माझी छाती इंचभर फुगली.

"विणकाम? छे, छे, त्यात काही राम नाही! पण हाक मारायचा अवकाश, माणूस हजर. आता बघ, मी नुसतं म्हणतो, जावईबापू, पाणी!"

आणि मी आत गेलो. पेला माझ्या हातात होताच.