परत येण्याची सोय

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला प्राध्यापकांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यावर शोधनिबंध मात्र तीन लिहिले. आस्थापना विभागातल्या कारकूनबाईंनी निळ्या शाईत एवढंच विचारलं होतं : 'सर, आपण सुचवलेल्या संगणक प्रणालीत कुणाला चुकून निवृत्त केलं, तर परत कसं आणायचं?' नवतंत्रज्ञानाला कर्मचाऱ्यांचा विरोध कसा असतो, याचा इतका उत्तम नमुना शोधूनही सापडला नसता. त्या विरोधाच्या जोरावर प्राध्यापक व्यवस्थापनशास्त्राचे विभागप्रमुख झाले.

आणि सोमवारी पाहुण्यांना प्रणाली दाखवताना, "बघा, एका बोटाचं काम!" म्हणत त्यांनी नमुन्यादाखल स्वतःचंच नाव निवडलं आणि स्वतःला निवृत्त करून टाकलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी खोलीचं दार त्यांचं कार्ड ओळखेना. गुरुवारी संचालकपदाची मुलाखत आणि उमेदवार सेवेत हवा! प्राध्यापक धापा टाकत आस्थापना विभागात गेले. त्याच बाई आता तिथल्या अधीक्षक होत्या.

"बाई, मला परत आत घ्या हो!"

"घेतलं असतं सर. पण तुमच्या नावावर जुना पत्रव्यवहार बाकी असेल, तर नवा अर्ज उघडत नाही. नियम तुमचाच."

"कुठला जुना?"

बाईंनी स्क्रीन वळवला. तीच निळी शाई. खाली लाल अक्षरांत : उत्तर बाकी, नऊ वर्षं.

"मग आत्ताच सांगतो ना तोंडी..."

"लेखी लागतं. तुमच्या खात्यातून." बाईंनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवला. "पण खातं तर बंद झालं. टपालानं पाठवा. बाहेरच्या लोकांचं आम्ही तसंच घेतो."

घरी बायकोनं कागद पुढे सरकवला. "नऊ वर्षं गप्प बसलात आणि दोन ओळींना तासभर?"

"अगं, सोय नाही असं लिहिलं, तर त्यावरच माझा अर्ज निकालात काढतील."

"आहे का सोय?"

"नाही."

"मग लिहा तसं. नाहीतरी तुमचं लिहिलेलं वाचतंय कोण?"

"ती बाई वाचते," प्राध्यापक खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

'हा पुढील संशोधनाचा विषय आहे' हे वाक्य त्यांनी लिहिलं आणि खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच : 'आपली शंका रास्त होती. परत येण्याची सोय नाही.' सहीखाली सवयीनं 'विभागप्रमुख' लिहिलं गेलं, तेही खोडलं.

कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला, तशी त्यांनी घाईघाईनं फटीत बोटं घातली. तिथंही तशी सोय नव्हती.