वीस अंशांचे विरजण

जर्मनीला निघण्याच्या आदल्या सायंकाळी, १९७४च्या नोव्हेंबरात, इंदुताईंनी चिंचवडच्या घराचा ताबा पतीच्या स्वाधीन केला. किल्ल्यांविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत. त्यांनी फडताळातला चिनी मातीचा सट तेवढा दोन्ही हातांनी पुढे केला.

"हे माझ्या आईचं विरजण. सव्वीस वर्षांत एक दिवस खंड नाही. मृदुलाचं बाळंतपण उरकून तीन महिन्यांत येते. तोवर एवढं जिवंत ठेवा."

"इंदू, ज्याच्या सहीवाचून कारखान्यातला एक खिळाही दाराबाहेर पडत नाही, त्याला तू दही विरजायला शिकवतेस?"

"शिकवत नाही हो. कोमट दुधात चमचाभर घालायचं, एवढंच सांगते."

"कोमट म्हणजे किती?"

"बोटाला सोसवेल इतपत."

"कोणाच्या बोटाला?"

पहाटे मुंबईची गाडी गाठायची होती, म्हणून वाद अनिर्णीत राहिला.

मधुसूदनराव पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या मापन कक्षात बारा महिने वीस अंश तापमान राखलेले असे. धातूचे खरे माप त्याच तापमानाला घ्यायचे, ही जगभरची रीत. जे पोलादाला मानवते ते दुधाला का मानवू नये, असा युक्तिवाद त्यांनी केला, आणि प्रतिपक्ष परदेशी असल्यामुळे तो जिंकलाही. त्यांनी थर्मामीटर आणला, दूध बरोबर विसांवर निववले, चमचाभर विरजण घातले आणि प्रसन्न चित्ताने झोपले.

सकाळी दूध दूधच होते. नेमल्या वेळी जो माल उतरत नाही तो नापास, हा विभागाचा नियम. त्यानुसार पातेल्याला लाल चिठ्ठी लागली आणि दूध मोरीत गेले. दुसऱ्या रात्री त्यांनी विरजण दुप्पट केले. तिसऱ्या रात्री सट खरवडला. चौथ्या सकाळी पिंपळे गुरवची अंबुबाई दूध घालायला आली, तेव्हा ओट्यावर रिकामा सट होता आणि मधुसूदनराव थर्मामीटर पुसत होते.

"साहेब, दुधाला ताप आलाय व्हय?"

"अंबुबाई, थट्टा पुरे. तीन दिवस दही लागलं नाही, रोज सगळं ओतून दिलं."

"ओतलं? आवं, उन्हाला ठिवलं असतं तर दुपारपतूर लागलं असतं की! बाईंच्या आईचं विरजण ते!"

हे ऐकून मधुसूदनरावांनी रिकामा सट पुन्हा एकदा खरवडून पाहिला. अंबुबाईला दया आली. दुसऱ्या दिवशी तिने घरचे वाटीभर दही आणले, त्यांचे बोट धरून दुधात बुडवले आणि म्हणाली, "हे बगा कोमट. ध्येनात ठिवा." सकाळी दही कवडीसारखे घट्ट लागले.

"हे इंदूला कळता कामा नये."

"मी कुटं सांगतीय? मला काय जर्मनीचा पत्ता ठावा हाय?"

त्याच दिवशी हवाई पत्र गेले : 'विरजण सुखरूप आहे. दही रोज घट्ट लागते. येथे सर्व यथास्थित असून काळजीस लवमात्र कारण नाही.' वाक्यांची घडण त्यांना फार आवडली.

डिसेंबरअखेर मृदुलाचे उत्तर आले. 'बाबा, मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप. आई ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत परतणारच होती. जीव सगळा त्या सटात. पण तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, बाबांचं उत्तम चाललंय, आणखी तीन महिने राहा. राहू दे ना?'

'नको' लिहायचे तर कारण लिहावे लागणार, आणि कारण मोरीतून केव्हाच वाहून गेले होते. मधुसूदनरावांनी दोन रात्री मसुदे केले आणि अखेर एकच शब्द धाडला : 'अवश्य.'

पुढे दही रोज उत्तम लागे. परंतु 'आज आंबट केलंस' असे म्हणायला समोर कोणी नसे, आणि 'मग उद्या तुम्हीच करा' हे उत्तर न मिळालेले जेवण त्यांना अर्धपोटीच वाटे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ते रोज एक चौकट खोडीत.

मे महिन्यात इंदुताई आल्या. हातपाय धुऊन त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला.

"हे अंबुबाईचं."

मधुसूदनरावांनी कबुलीजबाब दिला, वीस अंशांपासून लाल चिठ्ठीपर्यंत, क्रमवार. इंदुताई डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांनी पिशवीतून एक कडक झालेला पांढरा रुमाल काढला.

"दह्यात बुडवून वाळवलाय. जाताना असाच एक नेला होता. सहा महिने मृदुला आईच्याच विरजणाचं दही जेवली. आता हा कोमट दुधात टाकला की झालं."

"म्हणजे आधीपासूनच माझ्यावर भरवसा नव्हता!"

"होता की. 'कोणाच्या बोटाला' म्हणालात, तेव्हा रुमाल बुडवला."

"मग पत्रावर विश्वास कसा ठेवलास?"

"तुम्ही इतकं नेटकं लिहिलंत, वाटलं खरंच जमलं. न जमल्याचं कळवलं असतंत, तर फेब्रुवारीतच आले असते."

मधुसूदनरावांनी प्रतिपक्षाचा मुद्दा मान्य केला आणि रुमालासाठी दूध कोमट करायला ठेवले. एकतीस वर्षांच्या संसारातली ही पहिलीच वेळ.

सप्टेंबरात मृदुलाचे पत्र आले. नात रांगू लागली आहे, आईला पुन्हा थोडे दिवस पाठवता का? स्वयंपाकघरात इंदुताई पाने वाढत होत्या. मधुसूदनरावांनी घट्ट दह्याची वाटी जवळ ओढली, एक चमचा सावकाश तोंडात घोळवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले :

'चि. मृदुलास अनेक आशीर्वाद. येथे दही अजिबात लागत नाही.'