मेश्राम आजोबांचं चार्ज रजिस्टर

अन्वी, निहार, परवा फोनवर तुम्ही सांगत होतात की नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रोग्राम लिहावा लागत नाही, नुसतं बोलायचं. त्यावरून आपल्या शेजारच्या मेश्राम आजोबांची गोष्ट आजच लिहून ठेवते. उद्यापर्यंत मी ती नीटनेटकी करून टाकीन आणि मजा जाईल.

आजोबा इथल्या स्टील प्लँटच्या कॉम्प्युटर सेक्शनमधून रिटायर झाले, पण त्यांच्या रुआबांधा वसाहतीतल्या घरात शिफ्ट अजून चालूच आहे. कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम घालायची झाली की आधी रजिस्टर उघडतं. डावीकडे जुन्या सिस्टिमच्या तक्रारी, उजवीकडे नवीला सूचना, खाली 'चार्ज दिला' आणि 'चार्ज घेतला'. दोन्ही सह्या त्यांच्याच.

"देणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच?" मी एकदा विचारलं.

"म्हणून तं शाई बदलवतो वहिनी. देतानी निळी, घेतानी हिरवी."

गेल्या महिन्यात नवी सिस्टिम आली आणि त्यांनी स्वतः लिहिलेला 'गोळीघंटी' हा प्रोग्राम बंद पडला. रोज दुपारी चारला कॉम्प्युटर आजोबांच्याच आवाजात तीनदा हाक मारायचा, "पुष्पा, गोळी घेतली का?" आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचं.

मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. नव्या सिस्टिमला ते अप्रेंटिसला सांगावं तसं सांगू लागले, "हे पाह्य बाबू, चार म्हणजे चार. चार-पाच नाही. अन आवाज माह्याच ठेवजो."

माझा चहा निवायच्या आत प्रोग्राम तयार झाला.

"मले सव्वा महिना लागला होता!" आजोबांचा चेहराच उतरला. मग सिस्टिमनं विचारलं, घरात पाहुणे असतील तर आवाज कमी करू का? त्यांनी मांडीवर थाप मारली. "हे मले कावून नाही सुचलं? हुशार हाये पोट्टं!"

हुशार पोट्ट्याचा पुढचा प्रश्न पडद्यावर आला: 'जुन्या नोंदींप्रमाणे या हाकेला तीन वर्षांत कोणीही उत्तर दिलेलं नाही. काढून टाकू का?'

पुष्पाआजीला जाऊन तीन वर्षं झाली आहेत.

आजोबा हिरव्या पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. त्यांचं बोट 'नाही'वर जाईना, 'हो'वरही जाईना.

"उत्तर मिळतं की," मी म्हणाले. "माझी बीपीची गोळी मी त्याच हाकेवर घेते. बंद पडल्यापासून दोनदा विसरले."

ते खुर्चीतून माझ्याकडे वळले. "तीन वर्षांपासून? अन मले सांगतलं नाही?"

"तुम्ही मलाही रजिस्टरात घातलं असतंत."

ते खदखदून हसले, डोळे पुसले आणि हिरव्या शाईत लिहीत मोठ्यानं वाचलं, "नव्या सिस्टिमले सूचना. लिवाचं तू. पण कावून लिवलं, हे मले पुसल्याबिगर काही काढाचं नाही. हाक चालू ठेवणे. ऐकणारे हजर." खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

चारची हाक अजून येते. नाव पुष्पाचंच आहे.